चराला देणगी मिळाली, पाणीवाटपाला नाही : वॉटर कपचा प्रकरण अभ्यास

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याने भरलेली रेल्वे लातूरला जाऊ लागली. लागोपाठ दोन पावसाळे दगा देऊन गेले होते आणि मांजरा धरण कोरडं पडलं होतं. त्याच महिन्यात वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतली 116 गावं कुदळ-फावडी घेऊन माळावर चढली. निमित्त होतं ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ या स्पर्धेचं. 45 दिवसांत पाणलोटाचं जास्तीत जास्त आणि चांगलं काम करणाऱ्या गावाला 50 लाखांचं पहिलं बक्षीस होतं. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने ते जिंकलं.

आमिर खान आणि किरण राव यांनी त्याच वर्षी उभी केलेली पाणी फाउंडेशन ही संस्था या स्पर्धेमागे होती. कारभार सत्यजित भटकळ यांच्याकडे होता आणि तांत्रिक बाजू साताऱ्याचे दंतवैद्य डॉ. अविनाश पोळ यांच्या अनुभवावर उभी होती. पैसा टाटा ट्रस्ट्स, रिलायन्स फाउंडेशन अशा मोठ्या दात्यांकडून आला. पुढच्या वर्षी स्पर्धेत 30 तालुके आणि 1,321 गावं होती, 2018 मध्ये 75 तालुके आणि चार हजारांवर गावं, 2019 मध्ये 76 तालुके. नंतर वॉटर कप झाला नाही.

हवामान बदलावरच्या निसर्गाधारित उपायांना (माती, पाणी, झाडं यांच्या कामातून होणाऱ्या उपायांना) देणगीचा पैसा कसा लागतो, कुठे फळतो आणि कुठे अडतो हे बघायला महाराष्ट्रात यापेक्षा मोठं प्रकरण नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2023 च्या अहवालाप्रमाणे जगभर अशा उपायांवर वर्षाला सुमारे 200 अब्ज डॉलर खर्च होतात. त्यातले 82 टक्के सरकारी असतात. उरलेल्या 18 टक्क्यांत खासगी गुंतवणूक, कंपन्या आणि दाते असे सगळेच येतात. म्हणजे दात्याची थैली लहानच असते. ती कुठे सोडायची यावर सगळं ठरतं, आणि वॉटर कपमध्ये ती ज्या ठिकाणी सोडली ते ठिकाण नेहमीचं नव्हतं.

पैसा कशावर गेला

फाउंडेशनने गावाला कामासाठी रुपया दिला नाही, यंत्रही दिलं नाही. चर (पाणी अडवायला उतारावर आडवे खणलेले लांब खड्डे), बांध, शेततळी गावाने आपल्या श्रमातून किंवा आपण जमवलेल्या पैशातून करायची होती. दात्यांचा पैसा प्रशिक्षणावर, तालुक्यात मुक्काम ठोकून राहणाऱ्या समन्वयकांवर, चित्रफितींवर, टीव्हीवरच्या कार्यक्रमावर आणि बक्षिसांवर गेला.

सीएसआरच्या (कंपन्यांच्या सामाजिक खर्चाच्या) फायली हाताळलेल्या माणसाला यातली जोखीम लगेच कळेल. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी नफ्याच्या सरासरीचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायचे आहेत. त्यातला 5 टक्क्यांपेक्षा जास्त भाग प्रशासकीय खर्चात दाखवता येत नाही. त्यामुळे लेखा विभागाला सिमेंटचा बंधारा आवडतो. त्याचं अंदाजपत्रक असतं, पूर्णत्वाचा दाखला असतो, बाजूला फलक लावता येतो. ‘गावातल्या पाच माणसांना चार दिवस शिकवलं’ या नोंदीचं काय करायचं हे त्याला कळत नाही. इथे दात्यांनी नेमकी तीच नोंद विकत घेतली, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच होता.

कारण माळावर प्रत्यक्ष घडायचं ते असं. प्रशिक्षणाहून परतलेले दोघेजण हायड्रोमार्कर घेऊन उतारावर उभे राहायचे. दोन पट्ट्या, मध्ये पारदर्शक नळी, नळीत पाणी. दोन्ही पट्ट्यांवर पाण्याची पातळी सारखी दिसेपर्यंत खालचा माणूस एक पाऊल वर, एक पाऊल खाली सरकत राही. सारखी दिसली की तिथे फक्कीची खूण करायची आणि पुढे जायचं. या खुणा जोडल्या की डोंगराच्या अंगावर समतल रेषा उमटते आणि तिच्यावर सलग समतल चर खणायचा. रेषा हातभर चुकली तर पाणी चरात थांबत नाही, खालच्या टोकाला धावतं आणि बांध फोडून माती घेऊन जातं. पूर्वी ही आखणी कृषी खात्याचा माणूस करून जायचा. गावाला ती का आणि कशी करायची ते माहीत नसे, त्यामुळे चर गाळाने भरला तरी तो उपसणं हे ‘खात्याचं काम’ राही. चौथीपर्यंत शिकलेली बाई समतल रेषा काढू लागली की चराची मालकी बदलते. चार दिवसांच्या प्रशिक्षणाचा खरा परतावा हाच, आणि तो पैसा ठरल्या कामावर लागल्याच्या कोणत्याही उपयोगिता प्रमाणपत्रात मावत नाही.

पाणलोटाच्या कामात एक जुनं वचन आहे : धावत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला थांबायला आणि थांबलेल्याला जिरायला. माथ्यावर समतल चर, मधल्या उतारावर दगडी बांध, शेतात बांधबंदिस्ती, सर्वांत खाली माती नाला बांध. माथा ते पायथा हा क्रम हवामान बदलाच्या काळात जास्तच कामाचा आहे. मध्य भारतावर 1950 ते 2015 या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं. दोन सरींमधलं अंतर लांबलं आणि सर आली की कोसळू लागली, तर तिला उतारावरच अडवण्यावाचून कोरडवाहू गावाकडे दुसरा स्वस्त उपाय नाही.

दात्यांच्या थोड्या पैशाभोवती दुसरा पैसा किती गोळा झाला हेही बघायला हवं. भारतीय जैन संघटनेने जेसीबी-पोकलेन पुरवली. डिझेलला सरकारी मदत मिळाली, कमी पडलं तिथे लोकवर्गणी झाली, मुंबई-पुण्यात नोकरीला गेलेल्या गावकऱ्यांनी पैसे पाठवले. 1 मे रोजी शहरांतून ‘जलमित्र’ येऊन श्रमदान करून जायचे (त्यातल्या काहींच्या फावड्याला फोटोपुरतीच माती लागली, पण गावाला त्या दिवशी हुरूप यायचा हे खरं). जलयुक्त शिवार हे राज्याचं जलसंधारण अभियान त्याच काळात जोरात होतं. 2017 ला वर्ध्याच्या आर्वी तालुक्यातलं काकडदरा हे छोटंसं कोलाम आदिवासी गाव पहिलं आलं. 2018 ला माण तालुक्यातल्या टाकेवाडीने 75 लाखांचं बक्षीस नेलं, 2019 ला बार्शी तालुक्यातल्या सुर्डीने पहिला क्रमांक मिळवला. गटातटात विभागलेली गावं 45 दिवस एका माळावर आली. निवडणुकीत एकमेकांचं तोंड न बघणारे पुढारी एका ओळीत टोपली देत उभे राहिले. याची किंमत करता येत नाही, म्हणून ती कमी धरू नये.

साडेएकोणीस टीएमसी

चार वर्षांत मिळून सुमारे 55 हजार कोटी लिटर साठवणक्षमता तयार झाल्याचं फाउंडेशन सांगतं. आकडा ऐकताना छाती दडपते, म्हणून तो जरा उलगडू. 55 हजार कोटी लिटर म्हणजे 55 कोटी घनमीटर, म्हणजेच साडेएकोणीस टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतल्या चार धरणांचा उपयुक्त साठा 29 टीएमसी आहे. सरकारी धरणाची वीटही न लावता गावांनी आपल्या उतारांवर त्याच्या दोन तृतीयांश जागा केली. छोटी गोष्ट नाही. शिवाय चर पावसाळ्यात एकदा नव्हे, चांगला पाऊस असेल तर अनेकदा भरतो आणि जिरतो.

पण ही जागा आहे, पाणी नव्हे. आणि ते पाणी आलं असं धरलं तरी पुढचा हिशेब बाकी राहतो. पाटपाण्यावरच्या एक हेक्टर उसाला वर्षाला साधारण 20 ते 25 हजार घनमीटर पाणी लागतं. 55 कोटी घनमीटरला त्याने भागा. चार वर्षं, हजारो गावं, लाखो हात आणि सगळे चर एकदा काठोकाठ भरले तर 22 ते 27 हजार हेक्टर ऊस. राज्यात अलीकडच्या बहुतेक वर्षांत ऊस 10 लाख हेक्टरांच्या वर असतो.

हाच हिशेब गावाच्या मापाने मांडला की जास्त बोचतो. समजा, शिवार 1,000 हेक्टर, पाऊस 500 मिलिमीटर, वस्ती 2,000. आकाशातून वर्षाला 500 कोटी लिटर पडतं. दख्खनच्या काळ्या पाषाणात त्यातलं आपोआप किती मुरतं, तर भूजलाच्या सरकारी निकषांप्रमाणे खडकाची जात बघून 6 ते 14 टक्के. म्हणजे 30 ते 70 कोटी लिटर. माणशी रोज 55 लिटर धरलं तर अख्ख्या गावाला वर्षभर प्यायला-वापरायला 4 कोटी लिटर पुरतात. गुरांचं धरून आणखी थोडे. याचा अर्थ, वर्ष अगदीच कोरडं गेलं नाही तर गावाला टँकर लागण्याचं कारण माणसांची तहान हे नसतंच. मुरलेलं सगळं पाणी उसालाच दिलं तरी ते 15 ते 35 हेक्टरांना पुरतं. हजार हेक्टरांच्या शिवारात 35 हेक्टर ऊस म्हणजे सात-आठ घरांचा मामला. पाणलोटाच्या कामाने मुरण्याचं प्रमाण वाढतं, पण काही पटींनी नाही. ते वाढलेलं पाणी कोणाच्या विहिरीत येणार, कोण किती उपसणार, हा प्रश्न चर खणण्याआधी जितका होता त्यापेक्षा खणल्यावर मोठा होतो. आधी भांडायला काही नव्हतं.

22 मे

वॉटर कपची गुणपत्रिका एकांगी होती असा आरोप मी करणार नाही. तिच्यात शोषखड्डे होते, रोपवाटिका होती, माती परीक्षण होतं, काडीकचरा न जाळण्यासाठी ‘आगपेटीमुक्त शिवार’ होतं, आणि गावाचं जलअंदाजपत्रकही (पाणी किती आणि ते कशाला वापरायचं याचा हिशेब) होतं. आखणाऱ्यांना मागणीची बाजू ठाऊक होती. अडचण कॅलेंडरची होती.

2017 आणि 2018 मध्ये स्पर्धा 8 एप्रिलला सुरू होऊन 22 मेला संपली. मग परीक्षक येऊन कामं मोजणार, ऑगस्टमध्ये पुण्याला सोहळा, बक्षीस. पाऊस जूनमध्ये. विहिरी भरतात सप्टेंबर-ऑक्टोबरात. गावाने आपल्या अंदाजपत्रकाप्रमाणे हरभरा-ज्वारी घ्यायची की ऊस-केळी लावायची, नवीन बोअर पाडायचं की नाही, हे ठरतं ऑक्टोबरनंतर. तोवर बक्षीस वाटून झालेलं असतं. मेमध्ये भिंतीवर रंगवलेलं जलअंदाजपत्रक जानेवारीत कोणी पाळलं का, हे स्पर्धेला तपासताच येत नव्हतं. ती आपल्या स्वभावाप्रमाणे खोदलेलं घनमीटर मोजत होती, कारण 45 दिवसांत मोजण्यासारखं तेच असतं.

हा दोष एका संस्थेचा नाही. वर्षाचा निधी 31 मार्चला बंद होणार, प्रकल्प तीन वर्षांचा, दात्याच्या मंडळापुढे आकडा न्यायचा. देणगीच्या पैशाला खोदकाम मानवतं, कारण त्याला सुरुवात आणि शेवट असतो. पाणी वाटून घेण्याला शेवट नसतो.

हिवरे बाजारकडे बघितलं की फरक कळतो. तिथेही चर आणि बांध आहेत. पण पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाल्यापासून त्या गावाने जे कमावलं त्यात मोठा वाटा नियमांचा आहे : शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, दर वर्षी पावसाच्या मापावरून पाण्याचा ताळेबंद आणि त्यावरून पिकं. ताळेबंद ग्रामसभेत मांडायला खर्च जवळजवळ शून्य. तो तीसेक वर्षं पाळायला लावणारं नेतृत्व मात्र कोणत्याही दात्याच्या ताळेबंदातून विकत मिळत नाही.

कायद्याचा आधारही कागदावर आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम 2009 मध्ये झाला, 2014 पासून लागू झाला आणि शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला त्यात बंदी आहे. बोअरच्या गाड्या रात्री कोणत्या गावात किती फूट जातात हे दुष्काळी तालुक्यातल्या कोणालाही विचारा. खडकाखालचं पाणी गटनंबर ओळखत नाही. वरच्या गावाने श्रमदान करून मुरवलेलं पाणी खालच्या गावच्या बोअरमध्ये निघतं, आणि त्याच गावात भूमिहीनाने खणलेल्या चराचं पाणी सात एकरवाल्याच्या विहिरीला लागतं. श्रमदानात पहिल्या दिवसापासून येणाऱ्यांत मजूर घरांतल्या बायका कमी नव्हत्या. त्यांच्या वाट्याला गुऱ्हाळाजवळची मजुरी वाढून आली असेल तर तोही फायदाच, पण पाण्याचा हक्क त्यांना कोणत्याच गुणपत्रिकेने दिला नाही.

शेततळ्यांचं तर उलटंच झालं. पावसाचं वाहतं पाणी अडवायचं म्हणून योजना आली आणि अनेक ठिकाणी प्लास्टिकचा कागद अंथरून, विहिरीतून उपसलेलं पाणी त्यात भरून ठेवण्याची टाकी झाली. जमिनीखालचं, न उडणारं पाणी वर आणून उन्हात ठेवायचं! द्राक्ष-डाळिंब बागायतदाराच्या दृष्टीने तो विमा आहे. शेजाऱ्याच्या दृष्टीने काय आहे ते वेगळं सांगायला नको.

कसोटीचं वर्ष

2018 च्या पावसाने दगा दिला आणि ऑक्टोबरअखेर सरकारने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. वॉटर कपचे बरेच तालुके त्यात होते. लगेच दोन्हीकडून आवाज उठले : काम फसलं, किंवा काम नसतं तर याहून वाईट झालं असतं. दोन्हीला पुरेसा पुरावा नव्हता. दोन्ही बाजूंना शेजारच्या, स्पर्धेत नसलेल्या गावाच्या विहिरींची नोंद हवी होती. चार वर्षांच्या प्रचंड खटाटोपात तुलनेसाठीची ही साधी मोजणी केंद्रस्थानी कधी आली नाही. दात्यांनी ती मागायला हवी होती. दोन गावं, त्यातल्या दहा-दहा विहिरी, जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर असं चार वेळा टेप सोडून पातळी लिहायची. टीव्हीवरच्या एका भागाच्या खर्चात अख्ख्या तालुक्याची मोजणी झाली असती.

सरकारी अभियानाचा हिशेब मात्र झाला. जलयुक्त शिवारवर 9,633.75 कोटी रुपये खर्चूनही पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात फारसा परिणाम दिसला नाही, असं महालेखापरीक्षकांच्या (कॅगच्या) 2020 मधल्या अहवालाने म्हटलं. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा तर नाला खोलीकरणाच्या अशास्त्रीय कामांविरुद्ध आधीच उच्च न्यायालयात गेले होते. मुरूम ओलांडून खडकात खोल जाणारा नाला पाणी मुरवायच्या ऐवजी आजूबाजूच्या थरांतलं पाणी स्वतःकडे ओढू शकतो, हा भूजलशास्त्राचा आक्षेप साधा आहे. पण पोकलेन एकदा गावात आली की तिला थांबायला सांगणं अवघड. तिचा दात खडकाला लागल्याचा आवाज प्रगतीसारखाच ऐकू येतो.

निसर्गाधारित म्हणवणाऱ्या कामात निसर्ग किती, हाही प्रश्न आहे. माणदेश, सोलापूर, इंदापूर भागातले गवताळ माळ ओसाड नाहीत. चिंकारा, लांडगा, माळावर अंडी घालणारे पक्षी आणि धनगरांची मेंढरं यांचं ते घर आहे. डोंगर उघडा दिसला की चर मारायचे, झाडं लावायची आणि चराईबंदी करायची, या ठोकताळ्यात मेंढपाळाला कोणी विचारलं नाही. त्याचं मत स्पर्धेत धरायचं तर तो 45 दिवस गावात असायला हवा, आणि एप्रिलमध्ये तो कळपामागे असतो.

पुढे काय झालं

फाउंडेशनने स्वतःच दिशा बदलली, याचं श्रेय द्यायला हवं. यशस्वी आणि टीव्हीवर चालणारा खेळ चालता-बोलता बंद करणं दात्यांच्या जगात दुर्मीळ असतं. 2020 मध्ये ‘समृद्ध गाव’ स्पर्धा आली. ती दीड वर्षाची होती आणि तिच्यात मृद-जलसंधारणासोबत जलव्यवस्थापन, मातीचा पोत, झाडं, गवताचं कुरण आणि कुटुंबाचं उत्पन्न यांना जागा होती. कुरण आलं, आणि रब्बीचा हंगाम स्पर्धेच्या आत आला, हे दोन बदल माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे. मग महामारी आली. 2022 पासून ‘फार्मर कप’ सुरू झाला. तिथे गाव सुटलं आणि शेतकऱ्यांचा गट आला : एकत्र बियाणं, एकत्र खतं, कृषी विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांच्या ऑनलाइन शेतीशाळा, खर्चात बचत. गटाला हे मानवतं. पण पाण्याचा तंटा गटाच्या आत नसतो, तो गट आणि बाहेरच्या शेतकऱ्यामध्ये असतो, आणि त्याला ग्रामसभाच लागते.

वाटपाच्या बाजूला मोठा पैसा शेवटी सरकारी आला. डिसेंबर 2019 मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्यं होती, 6,000 कोटींतला निम्मा वाटा जागतिक बँकेच्या कर्जाचा होता, आणि ग्रामपंचायतीने लोकांसोबत जलअंदाजपत्रक करणं हा तिचा गाभा होता. म्हणजे कर्ज काढून आपण ते करायला बसलो, ज्यासाठी देणगी जास्त लवचिक ठरली असती.

दात्याने आज या भागात पैसा घालायचं ठरवलं तर काय मागावं? नवा चर नको. वॉटर कपच्या काळातले चर गाळाने भरलेत, ते उपसायला रोजगार हमीचं काम ग्रामपंचायतीने मागायचं आणि दात्याने त्याची कागदपत्रं करून देणाऱ्या माणसाचा पगार द्यायचा. गावात एक पर्जन्यमापक, विहिरींवर रंगवलेली मोजपट्टी आणि ते आकडे लिहिणारा जलसेवक, ज्याचं मानधन दर मार्चला नव्याने मंजूर करून घ्यावं लागणार नाही. दहा वर्षांची हमी. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो उभा राहून म्हणेल की यंदा इतकं मुरलं, उसाला परवडणार नाही. त्याच्यावर ओरडणारे पहिल्या वर्षी बरेच असतील, आणि त्यांतले काही जण मेमधल्या श्रमदानात सर्वांत पुढे असलेले असतील.